काकवीची बरणी घरात हवीच

दसरा-दिवाळी उलटली की ऊसपट्ट्यात चुलवाणे पेटू लागतात. कोल्हापूर, सांगली, कऱ्हाड या बाजूला शिवारातून जाताना वाऱ्यावर जो गोड, खरपूस वास येतो, तो गुळाचा खरा, पण त्याआधी तो काकवीचा असतो. रसाचा गूळ होण्याच्या वाटेवर काकवी हा अलीकडचा मुक्काम. काहिलीतला रस आटत आटत दाट, तांबूस, तारेला आला की गुळव्या त्यातली चार भांडी बाजूला काढतो आणि घरोघर काकवीची कासंडी जाते. निदान पूर्वी तरी जात असे.

पुढे घरात साखरेचा डबा आला. ऊस उभाच्या उभा कारखान्याला जाऊ लागला. मजूर मिळेनात, जळण परवडेना, म्हणून कित्येक गुऱ्हाळे बंद पडली. घरची काकवी गेली, आणि तिच्यासोबत ती स्वयंपाकात वापरण्याची रीतही सुनाबाळींच्या हातातून गेली. आता हीच काकवी शहरात काचेच्या बाटलीतून, सुंदर चिठ्ठी लावून विकली जाते. ऊस आपला, चूल आपली, आणि काकवी मात्र विकत, असे होऊ नये म्हणून हा लेख.

काकवी म्हणजे नेमके काय?

काकवी म्हणजे उसाचा स्वच्छ केलेला आणि आटवलेला रस, दुसरे काही नाही. गुळासाठी रस सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. काकवीसाठी १०५ ते १०६ अंशांवरच उतरवतात. त्यामुळे तिच्यात साधारण ३० ते ३५ टक्के पाणी राहते आणि ती ओतता येते. उरलेल्या भागात बहुतेक साखरच असते, पण ती एका जातीची नसते. बरीचशी नेहमीची ऊससाखर असते, तर १५ ते २५ टक्के साखर मधातल्या किंवा फळांतल्या साखरेसारखी, फुटून सुटी झालेली असते. काकवीचे स्वयंपाकातले पुष्कळसे गुण आणि अडचणी या सुट्या साखरेमुळेच आहेत. पुढे ते येईलच.

हा पदार्थ काही कालचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसापासून होणाऱ्या गोड पदार्थांची यादी आहे. तिची सुरुवातच ‘फाणित’ या आटवलेल्या रसापासून होते, आणि गूळ, खांड, शर्करा हे नंतर येतात.

एक घोटाळा मात्र टाळावा. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर जो काळा, दाट द्रव उरतो ती मळी. तिचा उपयोग मुख्यतः मद्यार्कासाठी होतो. मळी म्हणजे काकवी नव्हे. काकवीतून काहीच काढून घेतलेले नसते.

झाडाची ‘काकवी’

आपल्यासारखेच दूरच्या मुलखातले शेतकरीही रस आटवतात, पण तो झाडाचा. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात आणि अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात मेपल नावाचे मोठे वृक्ष आहेत. हिवाळा सरताना, रात्री गोठणारी थंडी आणि दिवसा ऊब अशी हवा पडली की तिथले लोक खोडाला लहानसे छिद्र पाडून रस धरतात. हा रस पाण्यासारखा पातळ असतो. त्यात साखर जेमतेम दोन टक्के, म्हणून सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. आपल्या उसाच्या पाचेक लिटर रसातच एक लिटर काकवी होते. त्यांचा पाक सुमारे १०४ अंशांवर उतरतो, म्हणजे आपल्या काकवीच्या अगदी शेजारी. ते तो घावनासारख्या जाड धिरड्यांवर ओततात, केकात घालतात, घेवड्याच्या दाण्यांच्या उसळीतही घालतात.

त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. हंगामाच्या सुरुवातीचा पाक फिका होतो आणि अखेरचा गडद. अमेरिकेत २०१५ पासून सोनेरी, पिंगट, गडद आणि अतिगडद असे चारही रंग एकाच ‘अ’ प्रतीत धरले जातात. गडद पाक हलका म्हणून कोणी नाक मुरडत नाही. त्याची चव दमदार, म्हणून स्वयंपाकाला आणि केकाला तोच अनेकांना आवडतो. आपल्याकडे मात्र पिवळ्याधमक रंगाच्या हौसेपायी गूळ आणि काकवी दोन्ही बिघडली.

रंगाची हौस आणि पोटाचे नुकसान

गिऱ्हाईक फिकट माल मागते, म्हणून काही गुऱ्हाळांवर रसात हायड्रॉस पावडर टाकतात. तिने रंग उजळतो. पण तिच्यातून मालात गंधकाचा अंश उतरतो. अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे गुळात गंधक डायऑक्साइड किलोला ७० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. मूठभर टाकणाऱ्याला हे माप कुठले सांभाळता येणार? दम्याच्या माणसाला गंधकाचा त्रास विशेष होऊ शकतो. शिवाय काही ठिकाणी रसात साखरही मिसळतात.

घरी बसून हे सारे पारखता येत नाही. म्हणून सरळ उपाय असा, की गुऱ्हाळ ओळखीचे असावे आणि आपल्या देखत काकवी काढून घ्यावी. रस स्वच्छ करायला भेंडीचा चिकट काढा पुरेसा असतो. रानभेंडीची किंवा घरच्या भेंडीची खोडे ठेचून पाण्यात भिजवली की तो तयार होतो. अशी काकवी मधापासून पिकल्या चिंचेपर्यंत कोणत्याही तांबूस रंगाची असू शकते. रंग गडद म्हणून ती टाकाऊ नसते.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला ठिकाण दिले. एवढ्या जुन्या नावाला बट्टा लावायचा की नाही, हे शेवटी चुलवाणावरच ठरते.

घरच्या घरी काकवी

चार-दोन सरी ऊस असला आणि रस काढून मिळाला तर थोडी काकवी घरीही होते. पाच लिटर रसाची सव्वा ते दीड किलो पडते.

ऊस पक्व असावा आणि तोडल्यावर चोवीस तासांच्या आत गाळावा. तोडून पडलेल्या उसातली साखर फुटत जाते आणि रस आंबटपणाकडे झुकतो. क्षारपड जमिनीतल्या उसाची काकवी खारट लागते. उशिरापर्यंत युरिया दिलेल्या उसाचा माल टिकायलाही कमी पडतो.

रस दुहेरी फडक्यातून गाळून पसरट भांड्यात घ्यावा. तो ऊन झाला की भेंडीचा काढा घालावा. उकळी फुटण्याआधीच मळी वर येते, ती झाऱ्याने काढावी. मळी राहिली तर काकवी गढूळ होते आणि लवकर बिघडते. मळी निघाल्यावर जाळ वाढवावा. फेस उतू जाऊ लागला तर शेंगतेलाचे दोन-चार थेंब टाकावेत, लगेच खाली बसतो.

तापमापक असल्यास १०५-१०६ अंशांवर भांडे उतरवावे. नसल्यास थंड ताटलीत थेंब टाकून पाहावा. तो न पसरता जागीच राहिला आणि बोटांत धरल्यावर एक तार आली, म्हणजे झाली. याहून पातळ राहिली तर आंबते, याहून दाट झाली तर तळाला खडे धरते.

उतरवल्यावर गरम असतानाच गाळावी. खडे धरू नयेत म्हणून किलोमागे चमचा-दीड चमचा लिंबाचा रस घालावा. गुऱ्हाळावर याच कामासाठी १०० किलोला ४० ग्रॅम लिंबूसत्त्व वापरतात. नंतर झाकून आठ-दहा दिवस न हलवता ठेवावी. गाळ तळाला बसतो. वरची नितळ काकवी उकळून, कोरड्या केलेल्या काचेच्या बाटल्यांत भरावी. तांब्या-पितळेचे भांडे कल्हईवाचून वापरू नये, कारण काकवी थोडी आम्लधर्मी असते.

बरणीत ओला चमचा घालू नये. पाणी गेले की ती जागा आंबायला लागते. फेस, आंबूस वास, झाकण उघडताना वायू सुटणे ही बिघडल्याची खूण. अशी काकवी पुन्हा उकळून घरच्यांना वाढू नये. तळाला खडे मात्र धरले तर ते बिघडणे नव्हे. बाटली गरम पाण्यात ठेवली की ते विरघळतात.

स्वयंपाकात वापरताना

गूळ वापरायचा तर किसा, विरघळवा, गाळा. काकवी मुळात गाळलेलीच, म्हणून हे कष्ट वाचतात. पण साखरेच्या जागी ती घालताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, एक वाटी साखरेच्या गोडीला एक वाटी काकवी पुरते. मात्र त्या वाटीबरोबर पाव वाटीहून अधिक पाणी पदार्थात जाते. तेव्हा दूध, ताक किंवा पाणी तेवढे कमी करावे.

दोन, काकवी दुधात घालून उकळू नये, दूध फाटते. खीर चुलीवरून उतरवावी, कोमट होऊ द्यावी, मग काकवी घालावी.

तीन, भाजायच्या पदार्थात काकवी साखरेपेक्षा लवकर रंग धरते. सुट्या साखरेमुळे वरचा भाग आधी तांबूस होतो आणि आत कच्चे राहते. म्हणून आच नेहमीपेक्षा मंद आणि वेळ थोडा अधिक. याच सुट्या साखरेमुळे पदार्थात ओल टिकते. काकवीचा केक तिसऱ्या दिवशीही मऊ लागतो तो यामुळेच.

चार, चिक्कीला काकवी घेऊ नये. लिंबू घातलेल्या काकवीचा पाक कितीही आटवला तरी वडी हवेतली ओल शोषून चिकट होते. चिक्कीला कडक गूळच हवा. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे मऊ लाडू मात्र काकवीत चांगले वळतात. थंड पाण्यात थेंब टाकल्यावर मऊ गोळी झाली की कूट घालावे.

रोजच्या जेवणात तर हिला कोठेही जागा आहे. गरम भाकरीवर तूप आणि काकवी, घावनाबरोबर नारळाचे दूध आणि काकवी, चिंचेच्या आमटीत चमचाभर, पंचामृतात गुळाऐवजी.

आता चार पदार्थ मापासह. इथे वाटी म्हणजे आमटीची, सुमारे २०० मिलिलिटरची.

काकवीच्या दशम्या

दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी काकवी, दोन मोठे चमचे तेल, चिमूटभर मीठ, थोडी वेलची किंवा सुंठ. कणकेला तेल चोळून घ्यावे. काकवी घालून, लागेल तसे थंड दूध शिंपडत घट्ट मळावे. पाऊण तास झाकून ठेवावे. जाडसर लाटून मंद तव्यावर तूप सोडून भाजाव्यात. मोठ्या आचेवर त्या करपतात. गार झाल्यावर डब्यात भरल्या की प्रवासाला दोन दिवस निश्चिंत टिकतात.

खापरोळी

ही कोकणची. तीन वाट्या तांदूळ, पाऊण वाटी उडीदडाळ, एक चमचा मेथ्या आणि मूठभर पोहे भिजवून वाटावेत व रात्रभर आंबवावेत. सकाळी मीठ व चिमूटभर हळद घालून तव्यावर जाड, जाळीदार आंबोळ्या घालाव्यात. एका नारळाचे दाट दूध काढावे, त्यात पाऊण वाटी काकवी, वेलची व कणभर मीठ ढवळावे. हा रस तापवायचा नाही. गरम खापरोळी त्यात बुडवून वाढावी. गुळाचा रस करताना जी खटपट असते ती इथे अजिबात नाही.

काकडीचे धोंडस

मोठी, पिकून पिवळी झालेली काकडी वाया घालवू नये. दोन वाट्या तांदळाचा रवा दोन-तीन चमचे तुपावर खमंग भाजावा. दोन वाट्या काकडीचा कीस त्याच्या पाण्यासकट, सव्वा वाटी काकवी, अर्धी वाटी ओले खोबरे, मीठ, वेलची असे एकत्र उकळावे. त्यात रवा घालून मंद आचेवर झाकण ठेवून शिजवावे. रवा फार कोरडा वाटल्यास गरम पाण्याचा हबका द्यावा. मग तूप लावलेल्या जाड भांड्यात हळदीचे पान अंथरून मिश्रण थापावे. खाली मंद निखारे, वर झाकणावर निखारे ठेवून अर्धा-पाऊण तास भाजावे. कडा तांबूस होऊन सुटल्या की झाले. पुरते गार झाल्याशिवाय वड्या कापू नयेत, मोडतात.

भट्टीचा शोध लागण्याची वाट आपल्या आजी-पणजीने पाहिली नाही. वर-खाली निखारे ही त्यांची भट्टीच होती. जिला धोंडस येते, तिला केक अवघड नाही.

कणकेचा काकवी-केक

दोन वाट्या बारीक कणीक, एक वाटी काकवी, अर्धी वाटी तेल किंवा पातळ लोणी, अर्धी ते पाऊण वाटी ताजे ताक, पाऊण चहाचा चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा सुंठ, चिमूटभर मीठ. अंडे घालायचे नाही.

कणीक, सोडा, सुंठ आणि मीठ दोनदा चाळून घ्यावे. काकवी, तेल आणि ताक दुसऱ्या भांड्यात फेटावे. जाड बुडाच्या कढईत दोन बोटे वाळू पसरून, झाकण ठेवून दहा मिनिटे तापवावी. ती तापली की ओले मिश्रण कणकेत घालून गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावे आणि तेल लावलेल्या डब्यात अर्ध्यापर्यंत भरून लगेच वाळूवर ठेवावे. इथे रेंगाळू नये. काकवी आणि ताक यांच्या आम्लामुळे सोडा तत्काळ फसफसतो. त्या वायूनेच केक फुगतो. मिश्रण बाहेर पडून राहिले तर वायू निघून जातो आणि केक दगड होतो.

मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतात. पहिली अर्धा तास झाकण उघडू नये. सळई टोचून ती कोरडी निघाली की उतरवावा. विजेची भट्टी असल्यास १६० ते १६५ अंश पुरेत. दुसऱ्या दिवशी याची चव आणखी मुरते.

गोड म्हणून किती खावे?

काकवीविषयी हल्ली बरेच काही सांगितले जाते, त्यातले सगळे खरे नाही. ‘काकवी मधुमेहाला चालते’ हे तर साफ चुकीचे आहे. एका मोठ्या चमच्यात सुमारे २० ग्रॅम काकवी मावते आणि तीत १३-१४ ग्रॅम साखर असते. रक्तात गेल्यावर ती साखरेसारखीच वागते. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे आपल्याकडे उगीच म्हटलेले नाही.

काकवीत लोह आहे हे खरे. पण चमचा-दोन चमच्यांतून मिळणारे लोह गरोदर बाईची गरज भागवू शकत नाही. आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बंद करून काकवीवर भिस्त ठेवली तर नुकसान आईचे आणि बाळाचे. दोन वर्षांखालच्या मुलांच्या खाण्यात वरून कोणतेच गोड घालू नये, असा आजचा वैद्यकीय सल्ला आहे. त्यात काकवीही आली. साखरेच्या जागी, साखरेइतक्याच हिशेबाने ती वापरली तर चव आणि थोडी खनिजे पदरात पडतात, एवढा तिचा फायदा मानावा.

चार पैसे

एक टन उसाचा गूळ साधारण ११० किलो होतो. त्याच उसाची काकवी गणिताने दीडशे किलोच्या आसपास भरते, कारण तिच्यात पाणी राहते. ११८ अंशांपर्यंत आटवावे लागत नाही म्हणून जळणही वाचते. पण गुळाचा रवा नुसत्या गोणपाटात राहतो, काकवीला बाटली, स्वच्छता आणि सचोटी लागते. शंभर बाटल्यांपैकी दहा आंबल्या तर नफा त्यातच बुडतो.

म्हणून बचत गटाच्या बायांनी एकदम मोठी उडी घेऊ नये. पहिल्या हंगामात एका आदणाची काकवी ओळखीच्या गुऱ्हाळावरून घ्यावी. पन्नास बाटल्या भराव्यात, प्रत्येकीवर तारीख आणि आदणाचा क्रमांक लिहावा आणि त्यातल्या पाच पावसाळा संपेपर्यंत घरीच ठेवून पाहाव्यात. त्या नितळ राहिल्या तर पुढच्या वर्षी अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी करून बाजारात उतरावे. चिठ्ठीवर ‘रंग गडद आहे, कारण काही मिसळलेले नाही’ असे बेलाशक छापावे. ते खरे असले म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते.

विकायचे नसले तरी यंदा ऊस तुटायच्या वेळी कारभाऱ्यांना सांगून ठेवा. सगळा ऊस कारखान्याच्या गाडीत चढण्याआधी बांधाकडच्या दोन सरी घरासाठी राहू द्याव्यात. एवढ्या रसात वर्षभराच्या दशम्या, घावने आणि पोरांच्या वाढदिवसाचा केक सहज निघतो.